सलूनच्या दारातली झिपरी जास्वंद

आमच्या बाबांचा हात कापतो असं कुणी म्हटलं की बाबांचं उत्तर तयार असतं. "मग? न कापणारा हात घेऊन सलून चालवू काय?"

हा विनोद त्यांनी पहिल्यांदा डॉक्टरांपुढे केला. डॉक्टर हसले नाहीत, औषधं लिहीत राहिले. मग बाबांनी तो समोरच्या टेलरकाकांना ऐकवला, दूधवाल्याला ऐकवला, आणि मला तर इतक्यांदा ऐकवला की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण खरं सांगू? कुणी तोंड बारीक करून "अरेरे, काय हो वेळ आली" असं सुरू केलं की आता मीच तो विनोद त्यांच्या तोंडावर फेकते. दयेचा मला मनापासून तिटकारा आहे, आणि हा गुण मी कुणाकडून उचलला ते वेगळं सांगायला नको.

आमचं दुकान रस्त्याच्या वळणावर आहे. पुढे तीन खुर्च्यांचं पुरुषांचं सलून, मग एक जाड पडदा, आणि पडद्यामागे माझं पार्लर. पार्लर म्हणजे काय, एक खुर्ची, एक बेसिन आणि भुवयांच्या दोऱ्याची रिळं. पुढे राज्य दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. त्याच्या आधी राज्य होतं बाबांचं, आणि ते चांगलं चाळीस वर्षं टिकलं.

बाबा त्यांच्या मामाच्या दुकानात कामाला लागले तेव्हा गिऱ्हाइकाच्या डोक्यापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. मामाने पायाखाली साबणाचं खोकं सरकवलं. आधी नुसते केस झाडायचे. मग फुगे. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस असा उतरवायचा की फुगा फुटता कामा नये. फुगा फुटला की डोक्यात मामाची टपली. बाबा म्हणतात, "तो फुगा फुटल्याचा आवाज आणि टपलीचा आवाज एकदमच यायचा, मामाचा हात इतका जलद!" त्या टपल्यांवर बाबांचा हात तयार झाला.

आणि काय तयार झाला म्हणता! खुर्चीत बसलेल्या माणसाने भांग मधे हवा की बाजूला हे सांगायचंच नाही, असा त्यांचा दंडक. दोन बोटांनी डोकं चाचपायचे, भोवरा शोधायचे, आणि भांग कुठून निघणार ते स्वतः ठरवायचे. "डोकं तुमचं असलं तरी भोवरा माझ्याशी बोलतो," म्हणायचे. त्यावरून बाजारात त्यांचं नावच पडलं भांगकाका. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा काहीतरी पीत असणार.

मग एक दिवस बँकेतल्या साहेबांच्या कानाची पाळी गेली. गेली म्हणजे खाली पडली नाही हो, चिरली. पण कान हा अवयव असा की जरासं चिरलं तरी खून झाल्यासारखा वाहतो. साहेब भला माणूस. "असू दे, असू दे" म्हणत कानाला रुमाल लावून गेले, आणि परत काही आले नाहीत.

त्या दिवशी दुकान बंद करताना दादाने सगळे वस्तरे आणि कात्र्या खणात घातल्या, खणाला कुलूप लावलं, आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. दादा वाईट माणूस नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याची बिनपाण्याने करणार आहे.

"बाबा," तो म्हणाला, "आपण लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरतो. कान होता म्हणून निभावलं."

बाबांनी नुसती मान हलवली. कारण ते खरं होतं. खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, त्याचा नुसता राग येतो.

"पण माझा स्वतःचा वस्तरा?" त्यांनी विचारलं. "माझी दाढी?"

"ती मी करत जाईन."

"माझ्या गालाला आजवर परका हात लागलेला नाही."

"मी परका?"

"वस्तरा हातात धरलेला प्रत्येक माणूस परकाच," बाबा म्हणाले, आणि चपला घालून घरी निघून गेले.

घरी आईने त्यांना चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी ती मलाच म्हणाली, "यांना दुकानात घेऊन जा बाई. माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवलेत. मीठ सापडत नाही मला!" तेव्हा बाबा पुन्हा दुकानात यायला लागले. आत त्यांना काम नव्हतं, म्हणून दादाने दाराबाहेर एक स्टूल ठेवलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "बसा निवांत, खूप केलंत, आता आराम." आराम हा शब्द ऐकला की बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्या स्टुलाशेजारी जास्वंद होती. भिंतीवरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप झाकायला बाबांनीच कधीकाळी एक फांदी खोचली होती. फांदीचं झुडूप झालं, झुडूप माणसाच्या उंचीला आलं. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. रोज दुकानातले झाडलेले केस त्याच्या बुडाशी पुरायचे, चहाचा चोथा टाकायचा, आठवण झाली तर बादलीभर पाणी. एवढ्यावर ती अधूनमधून एखाददुसरं लाल फूल द्यायची, आणि तेही कुणाच्या लक्षात यायचं नाही.

आता बाबांना कापायला काहीच उरलं नव्हतं, आणि समोर हे वाढलेलं डोकं! दुसऱ्याच दिवशी ते आईची भाजीची कात्री पिशवीतून घेऊन आले.

काय तो थाट! आधी झुडपाखाली जुनं कापड अंथरलं. मग फवाऱ्याने पानं ओली केली. मग एक डोळा मिटून मागे सरकले, पुढे आले, पुन्हा मागे. एवढं झाल्यावर पहिली कात्री चालवली. संध्याकाळपर्यंत जास्वंदीचा असा गोल गरगरीत कट झाला की शाळेच्या पहिल्या दिवशीचं पोर दिसावं. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. हात कापत होता, पण पानाला कान नसतात, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

दादा खूश. "बरं झालं, बाबांना विरंगुळा मिळाला."

"विरंगुळा तुला लखलाभ," बाबा बाहेरून ओरडले. "मी काम करतोय!"

तेव्हापासून दर आठवड्याला जास्वंदीची कटिंग. जरा कुठे पालवी डोकं वर काढते न काढते तोच कात्री हजर. मोडक्या कंगव्याने बुडाची माती भुसभुशीत करायची, पिकलेली पानं वेचायची. त्याच कात्रीने ते स्वतःची वाढलेली दाढीही जराशी छाटून घ्यायचे, म्हणजे निदान माणसात दिसायचे. दादाच्या खुर्चीत मात्र बसले नाहीत.

मधेच एकदा कोवळ्या शेंड्यांवर पांढरं पांढरं काहीतरी दिसायला लागलं. बाबांनी बोटाने खरवडून बघितलं आणि निदान केलं, "कोंडा झालाय."

टेलरकाका समोरून हसत आले. ते आणि बाबा एका वयाचे, एकमेकांचा अपमान करण्यात दोघांचं आयुष्य गेलेलं. "अरे भांग्या, कोंडा कसला? ती कीड आहे. पिठ्या ढेकूण म्हणतात त्याला."

"तू तुझी बटणं लाव," बाबा म्हणाले. "डोक्याचं मला शिकवू नकोस."

आणि माझ्या पार्लरमधला कोंड्याचा शांपू घेऊन त्यांनी जास्वंदीला आंघोळ घातली हो! पाण्यात फेस काढला, जुन्या टूथब्रशने एकेक शेंडा घासला, थोडा वेळ तसंच ठेवून धुतलं. मी पडद्याआड पोट धरून हसत होते. आठवडाभर असं केल्यावर पांढरं सगळं गेलं. साबणाच्या पाण्याने ती कीड जातेच म्हणे, शांपूचं त्यात काही कौतुक नाही. पण हे बाबांना सांगायची हिंमत टेलरकाकांनाही झाली नाही. बाबा महिनाभर प्रत्येकाला सांगत होते, "कोंडा होता. काढला."

सगळं झालं, पण फूल काही येईना. आधी काळजी कुणी घेत नव्हतं तेव्हा निदान एखाददुसरं यायचं, आता तेही बंद. टेलरकाकांना आयतं सापडलं. रोज दुकान उघडताना समोरून आरोळी: "काय रे, जास्वंद लावलीस की कोबी?"

बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण मला माहीत होतं, लागायचं त्यांना.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच सुमारास दादाने जाहीर केलं की दुकानाचा दर्शनी भाग काचेचा करायचा. पलीकडच्या रस्त्याला नवं सलून झालं होतं, सगळं काचेचं, आत थंडगार हवा. आमची गिऱ्हाइकं तिकडे बघत बघत आमच्याकडे यायची, आणि एक दिवस यायची थांबतील अशी दादाला धास्ती. मी त्याला दोष देत नाही. पण काच या टोकापासून त्या टोकापर्यंत लागणार होती, पाइप भिंतीत जाणार होता, आणि जास्वंद उपटायची होती.

"आणि मी कुठे बसू?" बाबांनी विचारलं.

"घरी बसा ना बाबा. इथे उन्हात बसून काय मिळतं तुम्हाला?"

म्हणजे झाड गेलं की स्टूल जाणार, आणि स्टूल गेलं की बाबा घरात, डब्यांची रांग लावत. ज्या माणसाने एवढी डोकी हातावेगळी केली, त्याने आता भिंतीकडे बघत बसायचं. दादाला हे कळत नव्हतं असं समजू नका. त्याला तेच हवं होतं. बाप घरात सुखरूप आहे म्हणजे आपण चांगला मुलगा, असा सरळ हिशोब.

"त्या झाडाने तुझं काय घोडं मारलंय?" बाबा म्हणाले.

"फूल नाही, फळ नाही. काय करायचंय ठेवून?"

"आणि फूल आलं तर?"

"तर बघू."

आता आमच्या घरात "बघू" म्हणजे "नाही". हे लहानपणापासून आम्हाला शिकवलं कुणी? बाबांनीच! पण त्या दिवशी बाबांनी तो शब्द चक्क शब्दासारखा घेतला. त्यांना घ्यायचाच होता. सुदैवाने काचवाला होता "पुढच्या आठवड्यात नक्की" या जातीचा, आणि त्याचा पुढचा आठवडा कोणत्या महिन्यात पडतो ते त्यालाच ठाऊक. तेवढी सवड बाबांना मिळाली.

ते इरेला पेटले. पाणी वाढवलं, खत घातलं, आणि कटिंग तर इतकी बारीक की एक पान इकडचं तिकडे नाही. जेवढी सेवा जास्त, तेवढं फूल लांब. शेवटी एक दिवस पडद्याआडून हात आला. "ए पोरी, तुझा दोरा दे."

त्यांना झाड किती वेगाने वाढतं ते मोजायचं होतं, म्हणजे कटिंग नेमकी कधी करायची ते ठरवता येईल. एका फांदीच्या शेंड्याखाली त्यांनी भुवयांचा दोरा बांधला, आणि त्या उंचीवर मागच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढली. "ही फांदी सोडून बाकीचं कापणार," म्हणाले. "कलप लावलेले केस बघतेस ना? पांढरं मुळाशी निघतं आणि काळं वर सरकतं. तसा हा दोरा किती वर सरकतो ते बघू."

मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मीसुद्धा याच दुकानात वाढले.

तीन-चार आठवडे गेले. फांदी हातभर लांब झाली, बाकीच्या गोल कटमधून शेंडीसारखी वर आली. आणि दोरा? दोरा पेन्सिलच्या रेघेवर जसाच्या तसा. बाबांनी वाकून बघितलं, चष्मा पुसून बघितलं, मला बोलावून बघायला लावलं. सगळी नवी पानं दोऱ्याच्या वर होती. खाली काहीच हललं नव्हतं.

"हे तर वरून वाढतंय," बाबा म्हणाले.

"झाडं वरूनच वाढतात, बाबा." हे मी म्हणाले खरं, पण मलाही ते त्याच क्षणी कळलं होतं.

"केस बुडातून येतात. टोक कापलं तरी त्याला पत्ता नसतो. आणि हे..." ते स्टुलावर बसले. "म्हणजे मी दर आठवड्याला याची टाळूच उडवत होतो."

त्या लांब फांदीच्या टोकाला, पानाच्या बेचक्यात, वाटाण्याएवढी हिरवी कळी होती.

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. बाबा झाडावर चिडले. "अरे मग बोलायचं नाहीस का!" असं त्याला म्हणाले, रस्त्यावर, मोठ्याने. टेलरकाका मशीन थांबवून बघायला लागले.

त्या दिवसापासून कटिंग बंद. बाहेरून एक पान तोडायचं नाही. फक्त आत हात घालून वाळकी काडी, दुसरीवर घासणारी फांदी तेवढी काढायची, म्हणजे हवा खेळते. ते काम नाजूक. कात्री आत घातली की हात जास्तच कापायचा, आणि चांगली फांदी तुटायची भीती. तेव्हा बाबांनी मनगट एका जाड फांदीवर टेकवून बघितलं. हात थांबला. अगदी नाही, पण बराच. मला हाक मारून त्यांनी ते दाखवलं. "बघ, टेकवला की कापत नाही."

"लोक हात टेकतात ते हरल्यावर," मी म्हणाले.

"लोकांना टेकायचं कुठे ते कळत नाही," बाबा म्हणाले, आणि पुन्हा आत हात घातला.

जास्वंद जी सुटली म्हणता! फांद्या पाइपावर, दारावर, आत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावर. आणि झाड सोडलं तशी बाबांनी दाढीही सोडली. कात्री लावणंच बंद. सलूनच्या दारात एक झिपरं झाड आणि त्याच्याखाली एक झिपरा म्हातारा! लोक फोटो काढायला लागले. कुणीतरी म्हणालं, "दारातल्या दोघांचं कापता येत नाही, ते आमचं काय कापणार?" दादाच्या कानावर ते गेलं.

"बाबा, नाक कापलंत माझं!" तो तणतणत बाहेर आला.

"मी?" बाबा म्हणाले. "माझ्याकडे वस्तराच नाही."

आत खुर्चीत फेस लावून बसलेलं गिऱ्हाईक एवढं हसलं की फेस आरशावर उडाला. दादा हसला नाही. खरं तर त्याचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं ते.

आणि एका सकाळी फूल आलं. लालभडक, तळहाताएवढं, मधला तुरा असा बाहेर काढलेला की जीभ दाखवून वेडावतंय. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, संध्याकाळी ते मिटलं. पण दुसऱ्या दिवशी दोन, त्याच्या पुढे पाच, मग मोजायचं सोडून दिलं. टेलरकाका रस्ता ओलांडून आले, मागे हात बांधून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "बरंय." त्यांच्या तोंडून बाबांबद्दल एवढं चांगलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

बाबा आत गेले. "आलं फूल," ते दादाला म्हणाले.

"छान आलंय."

"तू म्हणाला होतास, बघू."

"बघितलं ना," दादा म्हणाला. "पण काच तर लावायचीच आहे, बाबा. काचवाला उद्या येतोय."

माझ्या हातातला दोरा तुटला. समोर जी बाई भुवया करायला बसली होती तिला तसंच सोडून मी पडदा सारला. "केसाने गळा कापलास त्यांचा! लाज नाही वाटत?"

"तू मधे पडू नकोस. उद्या भोवळ येऊन ते रस्त्यावर पडले तर तू उत्तर देणार आहेस? त्यांची दाढी बघ. लोक मला विचारतात, बापाला सांभाळतोस की नाही?"

"सांभाळतोस कुठे? कुलपात ठेवतोस!"

आम्ही खूप बोललो. जे बोलायला नको ते सगळं बोललो. आणि हे चाललेलं असताना बाबा कधी उठून गेले ते दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काचवाला खरंच आला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर! टेप काढून तो बाहेर भिंत मोजायला लागला. आत दोन गिऱ्हाइकं दादाच्या आणि कामाला ठेवलेल्या माणसाच्या हाताखाली होती, दोघं बाकावर थांबले होते. तेवढ्यात बाबा आले. इस्त्रीचा सदरा घातला होता. सरळ पहिल्या खुर्चीपाशी गेले, जी चाळीस वर्षं त्यांची होती, आणि उभे राहण्याऐवजी तिच्यात बसले.

"पोरी, फेस कर," ते म्हणाले.

"थांबा बाबा, एवढं संपवून मी करतो दाढी," दादा पटकन म्हणाला. त्याला वाटलं, जमलं एकदाचं.

"तुला नाही सांगितलं. तुझ्याकडे फक्त किल्ली मागतोय."

दादाच्या एका हातात कात्री, दुसऱ्या हाताच्या बोटांत गिऱ्हाइकाचे केस. "बाबा, लोकांपुढे तमाशा नको."

"कान साहेबांचा होता," बाबा आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाले. "तेव्हा मी शब्द काढला नाही. तू बरोबर होतास, आणि आजही दुसऱ्याच्या मानेला मी हात लावणार नाही. पण हा गाल कुणाचा?"

दादा हातातल्या कात्रीकडे बघायला लागला.

"अरे सांग ना. एवढे सगळे निर्णय घेतोस. कुणाचा आहे हा गाल?"

"तुमचा," दादा म्हणाला.

"मग दे."

तो जागचा हलेना. मग मीच पुढे झाले आणि त्याच्या खिशात हात घालून किल्ली काढली. दोन्ही हात अडकलेले, काय करणार होता? खण उघडला, बाबांचा वस्तरा काढला, नवं पातं चढवलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे, असं मी मनात म्हणाले. भीती मलाही वाटत होती, पण ती मी चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

आधी त्यांनी स्वतः कात्रीने दाढी उतरवली. मी फेस लावला. वस्तरा हातात घेतला तसा तो हवेत असा कापायला लागला की बाकावरचा एकजण "अहो, अहो" करत उठला. बाबांनी डावं कोपर खुर्चीच्या हातावर रोवलं, डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवलं, आणि मान वस्तऱ्याकडे नेली. हात नाही हलवला, मान हलवली. पातं कानशिलापासून खाली उतरलं.

हनुवटीपाशी पहिलं रक्त आलं. दादाच्या हातून कात्री पडली. "जागेवर!" बाबा म्हणाले, आणि दादा जागेवर थांबला. गळ्याजवळ पुन्हा एकदा चिरलं. बाबांनी तुरटी मागितली, दाबून धरली, पुढे सुरू. किती वेळ लागला मला माहीत नाही, पण बाकावरचा एकही माणूस उठून गेला नाही. काचवालासुद्धा टेप हातात धरून दारात उभा होता.

शेवटी त्यांनी दोन बोटं जबड्याखालून फिरवली. एक जागा राहिली होती. पुन्हा फेस लावून घेतला आणि ती काढली.

मग उठले. कापड झटकलं, घडी घातली. वस्तरा धुऊन पुसला आणि स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. बाहेर जाऊन स्टूल उचललं, जास्वंदीच्या बुडाशी, अगदी फांद्यांच्या आत सरकवलं, आणि त्यावर पाठ ताठ करून बसले. गुळगुळीत चेहरा, गळ्यावर तुरटीचे दोन पांढरे डाग, डोक्यावर फुलं.

"घे माप," ते काचवाल्याला म्हणाले. "आम्हा दोघांना धरून घे."

काचवाल्याने दादाकडे बघितलं. दादा दारात येऊन थांबला होता. त्याच्या हातात बाबांचं रक्त पुसलेला टॉवेल होता, आणि तो नुसताच उभा होता. मी तोंड उघडणार होते, पण त्या दिवशी मला कुठून शहाणपण सुचलं कोण जाणे, मी गप्प राहिले.

मग दादा पायरी उतरला. टेपचं लोंबणारं टोक उचललं, आणि जास्वंदीच्या अलीकडे, भिंतीला लावून धरलं.

"इथपर्यंत," तो म्हणाला.

"काच लहान पडेल, शेठ," काचवाला म्हणाला. "सगळी शोभा जाईल."

"जाऊ दे," दादा म्हणाला.